डावीकडचे वळण

गुरुवार : पुण्याबाहेरचे मैदान

मोटरसायकल मी गेली 25 वर्षे चालवतो. तरीही घाटात डावीकडे वळताना माझी गाडी दर वेळी मध्यरेषेकडे का सरकते, असे कोणी विचारले असते तर मी रस्त्याला, टायरला किंवा समोरून येणाऱ्या ट्रकला दोष देऊन मोकळा झालो असतो. गेल्या वर्षी वरंधा घाटातल्या अशाच एका वळणावर मी रस्ता ओलांडून थेट पलीकडच्या खडीत गेलो आणि आडवा झालो. त्या क्षणी समोरून काही येत नव्हते, म्हणून सोललेले कोपर आणि वाकलेला क्लच लिव्हर एवढ्यावर निभावले. त्यानंतर मात्र गटाबरोबर घाटात जायचे म्हटले की माझे कार्यालयीन काम अचानक वाढू लागले. हे किती दिवस चालणार, असे घरातूनच विचारले गेले, तेव्हा नोव्हेंबरच्या अखेरीस निघणाऱ्या या चार दिवसांच्या सफरीत मी नाव नोंदवले.

आम्ही एकूण नऊ गाड्या होतो. सर्वांत पुढे राहणाऱ्या आणि शिकवणाऱ्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान असल्या, तरी पहिल्या तासातच सगळे त्यांना ‘ताई’ म्हणू लागले. सर्वांत मागे होते ‘काका’. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक असून त्यांनी चिपळूण–कराड फेरीवर आयुष्याची बरीच वर्षे काढली आहेत. त्यांची गाडी जुनी, 150 सीसीची. भारतात 125 सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना 2019 पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले, त्याच्या कितीतरी आधीची. माझी क्लासिक 350, म्हणजे 195 किलोंचे धूड, आणि तिला निघण्याच्या आदल्या दिवशी मागचा टायर नवा घातलेला. तो बघताच ताईंनी सांगितले की नवा टायर वरून गुळगुळीत असतो, तेव्हा पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी फार झुकवू नका.

सकाळचा सगळा वेळ मैदानावर गेला. आधी ब्रेक. 40 च्या वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र, पण पुढचा ब्रेक खसकन न ओढता लिंबू पिळावे तसा दाबत न्यायचा, कारण गाडीचे वजन पुढच्या चाकावर यायला क्षणभर वेळ लागतो आणि ते आल्यावरच पुढच्या टायरची पकड वाढते. मी इतकी वर्षे मागच्याच ब्रेकवर भरवसा ठेवत आलो होतो. पुढचा धरला की गाडी उलटते, असे कॉलेजात कोणीतरी सांगितले होते आणि ते मी तपासून न पाहता जपले होते.

त्यानंतरचा धडा मला जवळजवळ विनोद वाटला. 30 च्या वेगाने सरळ जाताना डावा हात हलकेच पुढे ढकला, असे ताईंनी सांगितले. डावे हँडल पुढे ढकलले तर चाक उजवीकडे वळेल आणि गाडीही उजवीकडे जाईल, असा माझा हिशेब होता. गाडी मात्र अलगद डावीकडे झुकली आणि डावीकडेच गेली. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे सरकते, त्यामुळे टायर गाडीच्या खालून बाहेर निघतो आणि वरचा भार डाव्या बाजूला कलतो, असे त्याचे कारण. कमी वेगात हे जाणवत नाही, कारण तिथे आपण सायकलसारखे हँडल वळवूनच भागवतो. माझे हात ही गोष्ट 25 वर्षे नकळत करत होते, फक्त घाबरल्यावर ते ताठ होऊन ती करणे थांबवत होते.

दुपारी आठ मीटर त्रिज्येचे एक वर्तुळ शंकू ठेवून आखले होते. त्यावरून 15 च्या वेगाने फिरायचे आणि पुढच्या शंकूकडे न पाहता हनुवटी खांद्याकडे वळवून वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूकडे पाहायचे. मी शंकूकडे पाहिले तितक्या वेळा शंकू पाडला. काका बाजूला बसून पडलेले शंकू उभे करत होते. सहाव्या वेळी ते म्हणाले, “साहेब, गाडी आंधळी असते. तिला तुम्ही दाखवाल तेवढंच दिसतं.”

शुक्रवार : खंबाटकी, पसरणी, महाबळेश्वर

सकाळी सहाला निघण्यापूर्वी गटाचे नियम सांगितले गेले. सरळ रस्त्यावर एक गाडी लेनच्या उजव्या भागात, दुसरी तिच्या मागे डाव्या भागात, असे आडवेतिडवे चालायचे आणि पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर ठेवायचे. 60 च्या वेगाला हे अंतर 33 मीटर होते आणि ते डोळ्यांना फार मोठे वाटते. घाट लागला की ही रचना मोडून सगळे एका रांगेत, प्रत्येकाला लेनची पूर्ण रुंदी मोकळी. आपापसांत ओव्हरटेक करायचे नाही. फाटा आला की दुसऱ्या क्रमांकाच्या स्वाराने थांबून काका येईपर्यंत दिशा दाखवायची.

मला ताईंच्या लगेच मागे ठेवले गेले, तेव्हा सर्वांत कच्चा म्हणून उघड केल्यासारखे वाटून मी मनातून जरा दुखावलो. खंबाटकी चढताना त्यामागचे कारण ध्यानात आले. पुढचा स्वार वळणातून बाहेर पडून वेग वाढवतो, तेव्हा मागचा अजून वळणात असतो. तो अंतर भरून काढायला थोडा जास्त पळतो, त्याच्या मागचा आणखी जास्त, आणि रबर ताणून सोडावे तसा रांगेच्या शेपटाला सर्वांत मोठा झटका बसतो. नवखा माणूस शेपटाशी असला तर तो स्वतःला न पेलणाऱ्या वेगाने वळणात शिरतो. वरंध्यात मी सातपैकी सातवा होतो, हे मला आजवर कधी आठवलेही नव्हते.

सुरूर फाट्याला वळून वाईत मिसळ खाल्ली आणि पसरणी घाटाच्या पायथ्याशी हातमोजे घट्ट केले. हा घाट शिकण्यासाठी उत्तम आहे, कारण रस्ता डोंगराच्या उघड्या अंगावरून जातो आणि बऱ्याच वळणांचा पुढचा भाग आधीच दिसतो. खाली वाई आणि धोमचे पाणी दिसते, पण ते बघायला ताईंनी एकदाच थांबवले. चालत्या गाडीवरून दरीकडे बघणाऱ्याची गाडी दरीकडे जाते, हे आदल्या दिवशीच्या शंकूंनी मला पुरेसे शिकवले होते.

वळण कसे वाचायचे, हे त्यांनी तिथेच थांबून सांगितले. रस्त्याच्या दोन्ही कडा लांबवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्याला त्या रस्त्याचे ‘टोक’ म्हणत. आपण पुढे जात असताना टोकही पुढे पळत असेल तर वळण उलगडते आहे आणि हळूहळू पिकअप घ्यायला हरकत नाही. टोक जागेवर थबकले असेल तर आहे तोच वेग ठेवायचा. टोक अंगावर येऊ लागले तर वळण आत आवळत चालले आहे, तेव्हा वेग कमी झालाच पाहिजे. वेग असा हवा की टोकापर्यंत दिसणाऱ्या रस्त्यातच गाडी थांबवता यावी. यात शौर्याला कुठेच जागा नसल्यामुळे मला हा नियम फार आवडला. पुढच्या दहा-बारा वळणांत मी वेगाच्या काट्याकडे पाहिलेच नाही. टोक पळाले की मूठ किंचित पिळायची, थबकले की तशीच धरायची. वर पाचगणीच्या अलीकडे हॅरिसन्स फॉली या दरी दिसणाऱ्या ठिकाणाजवळ थांबलो, तेव्हा माझे खांदे कानांपासून बरेच खाली उतरले होते.

संध्याकाळी महाबळेश्वरच्या थंडीत जेवताना मी कागदावर आकडेमोड केली, कारण हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. 20 मीटर त्रिज्येचे वळण घ्यायला 20 च्या वेगाने गाडी साधारण 9 अंश झुकावी लागते, 30 ने साधारण 20 अंश आणि 40 ने 32 अंश. वेग 30 वरून 40 केला तर टायरने पेलायचा आडवा जोर पावणेदोन पटींहून थोडा अधिकच होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. कोरडे डांबर एवढे सहज पेलते, पण वळणाच्या पोटात पसरलेली कच पेलत नाही. काकांनी कागद उलटसुलट पाहिला आणि “म्हणजे आधी हळू करा, मग वळा, असंच ना?” असे म्हणून परत दिला.

शनिवार : आंबेनळी

या दिवसाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ज्यासाठी मी आलो होतो ते या दिवशी घडले.

महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट पसरणीसारखा उघडा नाही. पहिला टप्पा दाट झाडीतून कुंभरोशीपर्यंत उतरतो, तिथे प्रतापगडाचा फाटा लागतो आणि मग रस्ता कोकणाच्या बाजूला पुन्हा खाली झेपावतो. सकाळी साडेसातला रस्त्यावर दव होते, सावलीतली पाने ओली होती आणि दोन वळणांवर मोठ्या गाड्यांतून सांडलेल्या डिझेलचा इंद्रधनुषी पट्टा पसरला होता. ताई असे काही दिसले की डावा पाय खाली काढून जमिनीकडे खूण करत, आणि ती खूण एकेका स्वाराकडून मागे जात राही.

उतारावर वळणे अवघड का वाटतात, हे मला आदल्या रात्रीच्या कागदातून सापडले नव्हते. गाडीचे वजन आधीच पुढच्या चाकावर आलेले असते, इंजिन मोकळे सोडले तर वेग आपोआप वाढतो, आणि ब्रेक धरूनच वळणात शिरायची सवय लागते. ताईंचा क्रम ठरलेला होता. सरळ रस्त्यावर असतानाच ब्रेक, मग दुसरा गिअर, मग नजर, मग हात, आणि गाडी झुकली की मूठ जेमतेम उघडी, म्हणजे वजन थोडे मागच्या चाकाकडेही जाते. गुडघ्यांनी टाकी धरायची, म्हणजे अंगाचा भार मनगटांवर येत नाही आणि हात मोकळे राहतात.

माझ्या डाव्या वळणाचे निदानही त्यांनी कुंभरोशीच्या चहाच्या टपरीवर केले. मी फार लवकर वळतो. वळणाची भीती वाटते म्हणून ते दिसताच गाडी आत घालतो, वळणाच्या आतल्या कडेला लवकर पोहोचतो, आणि मग उरलेले अर्धे वळण संपायच्या आधीच माझी जागा संपते व गाडी बाहेर, म्हणजे समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. उपाय असा की आपल्याच लेनमध्ये, मध्यरेषेपासून हातभर अंतर राखून उजव्या अंगाला राहायचे, पलीकडचा रस्ता दिसेपर्यंत थांबायचे आणि मग एकदाच ठामपणे वळायचे. शर्यतीच्या ट्रॅकवर स्वार रस्त्याची सगळी रुंदी वापरतात, पण आपला ट्रॅक आपली लेन एवढाच. उजव्या वळणाचे पथ्य वेगळे. तिथे चाके आपल्या लेनमध्ये असली तरी झुकलेल्या स्वाराचे डोके मध्यरेषेपलीकडे गेलेले असू शकते, म्हणून डावीकडे राहायचे. हे ऐकून मी बेचैन झालो, कारण माझे डोके इतकी वर्षे कुठे कुठे जाऊन आले असेल, याचा हिशेब कोण देणार?

फाट्यापासून काही किलोमीटर खाली एक डावे वळण आले. आतल्या बाजूला डोंगराची कापलेली भिंत होती, त्यामुळे पलीकडचे काहीच दिसत नव्हते. ताई वळून दिसेनाशा झाल्या. त्यांच्या हॉर्नचा आवाज आला आणि पाठोपाठ दुसरा, जाड हॉर्न. मी दुसऱ्या गिअरमध्ये, 25 च्या आसपास होतो. भिंतीच्या आडून एसटीचे लाल तोंड बाहेर आले.

मी त्या तोंडाकडे पाहिले. काचेवरची पाटी, खिडकीबाहेर आलेले चालकाचे कोपर, बंपरवरचा चिखल, हे सगळे मला आजही दिसते, आणि ते दिसत असताना गाडी सरळ त्या बंपरच्या दिशेने जात होती. हात ताठ झाले होते. वरंध्यातही असेच झाले असणार, फक्त तिथे बसऐवजी खडी होती. त्या क्षणी मला सिद्धान्त वगैरे काही आठवले नाही. आठवला तो काकांनी उभा केलेला शंकू. मी हनुवटी डावीकडे ओढली. भिंतीच्या बुडाशी गटार होते, त्याच्या कडेची पांढरी रेघ पुढे वळत गेलेली दिसली, आणि नजर तिच्यावर बसताच डावा हात आपोआप पुढे गेला. गाडी झुकली. माझ्या समजुतीपेक्षा ती बरीच जास्त झुकली आणि तरीही तिने काही कुरकुर केली नाही. बसची मागची चाके माझ्या उजव्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून गेली.

पुढच्या रुंद जागेवर सगळे थांबले. मी हेल्मेट काढले तेव्हा पाणी मागायलाही आवाज फुटेना. ताईंनी काही न बोलता बाटली पुढे केली. काका मागून आले आणि त्यांनी पहिल्यांदा बसची बाजू घेतली, हे त्यांच्या नोकरीला साजेसेच झाले. चढणाऱ्या गाडीला अरुंद घाटात आधी वाट द्यायची असते, हा नियम आहे; चालकाने हॉर्न दिला होता आणि बसचे तोंड तिच्या बाजूलाच होते. “पण एसटीचं नुसतं तोंड बघून चालत नाही,” ते म्हणाले. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, ती आत कापत येतात. त्या वळणात ‘आत’ म्हणजे माझी लेन. म्हणून अशा वळणावर समोर बस दिसली की तिच्या तोंडाने मोकळी सोडलेली जागा आपली धरायची नाही, तर भिंतीकडची धरायची. हे मला कोणत्याही दुचाकीस्वाराने आजवर सांगितले नव्हते. ते सांगायला स्टिअरिंगच्या मागे बसलेला माणूसच हवा होता.

पोलादपूरनंतरचा रस्ता पटकन उरकतो. आम्ही कशेडीचा बोगदा टाळून मुद्दाम जुन्या घाटाने गेलो आणि तिथे डावी वळणे एकामागोमाग एक उशिरा घेत राहिलो. खेडनंतर महामार्ग, उष्मा, धूळ आणि ट्रक. परशुराम घाट उतरून संध्याकाळी चिपळुणात पोहोचलो. जेवणात सोलकढी होती आणि मी ती चार वाट्या प्यालो.

रविवार : कुंभार्ली, कराड, परत

सकाळी शिरगाव, पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलो. कोयनेचे पाणी घाटमाथ्यावरून डोंगराच्या पोटातून खाली पोफळीला आणून ज्या उंचीच्या जोरावर वीज करतात, तीच उंची आम्ही गाडीवरून चढत होतो. आज पुढे काका होते आणि ताई शेवटी. हा रस्ता काकांचा, त्यामुळे कोणी आक्षेप घेतला नाही. ते 30-35 च्या वर गेले नाहीत, एकदाही जोराने ब्रेक लावला नाही, आणि तरीही त्यांच्या मागे राहायला मला लक्ष द्यावे लागले. वळणापूर्वी ते बरेच आधी मूठ सोडत, वळणात त्यांचा वेग बदलत नसे आणि मागचा लाल दिवा क्वचितच लागे.

चढणीवरच्या अगदी आवळलेल्या डाव्या वळणाला आतली बाजू एकदम उभी असते. तिथे मी तिसऱ्या गिअरमध्ये शिरलो आणि इंजिन धापा टाकत बंद पडले. 195 किलो उतारावर डाव्या बाजूला कलू लागले, आणि वाकलेल्या क्लच लिव्हरची आठवण होऊन मी पाय रोवला. मागच्या स्वाराने अंतर राखले होते, म्हणून तो माझ्यावर येऊन न आदळता शांतपणे थांबला. हे दोन सेकंदांचे अंतर प्रत्यक्ष कामी येताना मी पहिल्यांदाच पाहिले. पुढची तशी वळणे मी दुसऱ्या गिअरमध्ये, उजव्या अंगाने, उशिरा आणि हॉर्न देऊन घेतली, आणि एका वळणावर पलीकडचा रस्ता उलगडताना दिसला तेव्हा मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसलो.

हेळवाकला वडापाव खाताना काकांना एक हॉटेलवाला ओळखीचा निघाला. त्याने गाडीकडे पाहून “बस कुठंय?” असे विचारले आणि काकांनी आम्हा आठजणांकडे बोट दाखवले. पाटणवरून कराडला येईपर्यंत रस्ता सरळ होत गेला, आणि पुण्याच्या महामार्गावर तर आडव्यातिडव्या रांगेत दोन सेकंद मोजत जाण्याखेरीज काही काम उरले नाही. रात्री आठला घरी पोहोचलो.

सोमवारी सकाळी गाडी धुताना मी मागच्या टायरकडे निरखून पाहिले. तो नवा असल्यामुळे या चार दिवसांत गाडी किती झुकली, याची नोंद त्यावरच राहिली होती. मधला भाग खरखरीत झालेला आणि दोन्ही कडांना कधीच जमिनीला न लागलेला चकचकीत पट्टा. मुलाच्या कंपासातली पट्टी आणून मोजले. उजवीकडे 14 मिलिमीटर भरले, डावीकडे 21.